डोळ्यांत काहीच निघालं नाही

आजारातून उठल्यावर पहिल्यांदा घराबाहेर पडले, त्या सकाळी गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या हलत होत्या. वाण्याची, लाँड्रीची, क्लासची, सगळ्याच. पाऊल टाकलं की त्या वर-खाली व्हायच्या, थांबले की जागेवर यायच्या. कुणी पळता पळता चित्रीकरण केलं तर पडद्यावर जसं दिसेल, तसं. मी वाण्यासमोर उभी राहिले, पाटी नीट वाचली, पुन्हा चालायला लागले आणि अक्षरं पुन्हा उड्या मारायला लागली. अशक्तपणा असेल असं म्हणून ब्रेड घेतला, घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. नवरा, मी, बालवाडीत जाणारी मुलगी आणि सासूबाई. सासूबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा लहान असतानाच सासरे गेले. त्याच नोकरीवर त्यांनी मुलाला वाढवलं, शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सोसायटीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे. संध्याकाळी कुणी ना कुणी इंजेक्शन घ्यायला दारात उभं असायचं. त्यांची सुई लागत नाही, अशी ख्याती होती. त्या पैसे घेत नसत आणि बोलतही फार नसत. "दंड सैल सोडा," एवढंच म्हणायच्या आणि काम झालेलं असायचं.

मला झालं होतं ते मूत्रपिंडाचं इन्फेक्शन. थंडी वाजून ताप चढायचा, कंबर धरून मी वाकडी व्हायचे. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, ॲडमिट करू. मुलगी माझ्याशिवाय झोपत नव्हती. शिवाय माझी आई दवाखान्यात गेली ती परत आलीच नव्हती, ती भीती मनात होतीच. मी नको म्हणाले. तेव्हा सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "इंजेक्शनं मी देते घरी. जबाबदारी माझी." डॉक्टर त्यांना ओळखत होते. आठवडाभर द्या आणि मग मला दाखवा, असं सांगून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

आठवडा झाला. ताप उतरला होता, पण संध्याकाळी अंग अजून कढत व्हायचं. डॉक्टर वडील वारल्यामुळे गावी गेले होते. सासूबाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आई, दुसरा डॉक्टर मला ॲडमिट करेल. तुम्हीच बघा ना. तुम्हाला काय कमी कळतं का?" त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग स्वतः खाली जाऊन औषधाच्या दुकानातून तीच इंजेक्शनं घेऊन आल्या. आणखी काही दिवस ती चालली. मी खडखडीत बरी झाले. सोसायटीतल्या बायका मला बघायला आल्या, तेव्हा सासूबाईंचंच कौतुक झालं. मीही भरभरून केलं.

आणि त्यानंतर या पाट्या.

मी कर्वेनगरच्या एका शाळेत गणित शिकवायचे. बाकांच्या मधून चालता चालता मुलांच्या वह्या वाचायची माझी सवय. कुणाचा हातचा राहिला हे मला न थांबता दिसायचं. आता चालताना वहीत नुसती निळी चाळवाचाळव दिसायची. मी प्रत्येक बाकापाशी थांबायला लागले आणि माझा तास पुरेनासा झाला. रस्त्यात समोरून येणाऱ्यांचे चेहरे कळत नसत. शिक्षकांच्या खोलीत एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आजारपणानंतर ओळखदेख ठेवायची नाही असं ठरवलंय का? काल भाजी घेताना समोरून गेलात." मी हसून वेळ मारून नेली. केस धुताना डोळे मिटले की तोल जायचा, एकदा नळावर आपटले. लाइट गेले की पॅसेजमधून भिंतीला हात लावत चालायचे. यातलं काहीच मी घरी सांगत नव्हते. एवढं सगळ्यांनी केलं, आता पुन्हा नवीन काय काढायचं, असं वाटायचं. शिवाय बसून राहिलं की सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. बसून पेपर तपासायचे, भाजी निवडायचे, मुलीला पुस्तक वाचून दाखवायचे. अशा वेळी वाटायचं, मला काही झालेलंच नाही.

मुलीला मी मोपेडवर पुढे उभं करून बालवाडीत सोडायचे. एके दिवशी रस्ता खणून नुसतीच खडी टाकली होती. गाडी खडखडायला लागली आणि समोरचा सगळा रस्ताच उसळायला लागला. एक सायकलवाला मला कधी इथे, कधी तिथे दिसत होता. मी करकचून ब्रेक दाबला. आम्ही दोघी खाली पडलो. मुलीची हनुवटी हँडलवर आपटली. टाके घालावे लागले. टाके घालताना ती रडलीसुद्धा नाही, माझ्याकडे नुसती बघत राहिली.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. नवरा चिडला. त्याचं चिडणं बरोबरच होतं. "आणि हे तू गाडी चालवताना लपवून ठेवलंस?" तो म्हणाला. सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी फक्त एकच विचारलं.

"बसल्यावर हलतं का?"

"नाही. बसल्यावर काहीच नाही."

त्यांनी मुलीला नवऱ्याकडे दिलं आणि कुकर लावायला आत गेल्या.

मग डॉक्टर सुरू झाले. आधी डोळ्यांचे. त्यांनी तक्ता वाचायला लावला, मी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. "डोळे उत्तम आहेत," ते म्हणाले, "मलाच तुमच्यापेक्षा कमी दिसतं." दुसऱ्या डॉक्टरांनी तरीही बारीक नंबरचा चष्मा दिला. तो लावून चालले, तर पाट्या चष्म्यातूनही हलल्या. तिसऱ्यांनी मानेचा फोटो काढायला सांगितला. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, मोठ्या आजारानंतर असं वाटतं, शक्तीची औषधं घ्या. मेंदूच्या डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन करायला सांगितला. स्कॅनचा निकाल आणायला नवरा गेला होता. तो जिना चढून आला आणि दारातूनच म्हणाला, "काही नाही. स्वच्छ आहे." मला रडू आलं. सासूबाई देवापाशी गेल्या. मला वाटलं, हात जोडायला गेल्या असतील. पण त्या नुसत्या उभ्या होत्या.

मेंदूच्या डॉक्टरांनी निकाल पाहिला आणि अगदी सौम्य आवाजात विचारलं, "घरी काही ताण आहे का? सासूबाई वगैरे?" मी नाही म्हणाले. परत येताना रिक्षात नवरा म्हणाला, "असेल तर सांग. मनात ठेवू नकोस." मला इतकं अपमानित वाटलं, की पुढचे काही दिवस मी हलणाऱ्या पाट्यांकडे बघायचंच सोडून दिलं. मान खाली घालून चालायचे.

या काळात सासूबाई जरा जास्तच गप्प झाल्या होत्या. पण घरात बारीकसारीक गोष्टी बदलत होत्या. पॅसेजमध्ये एक छोटा दिवा आला, तो रात्रभर चालू असायचा. न्हाणीघरात बसायला स्टूल आलं. दारातलं सरकणारं पायपुसणं जाऊन तिथे जाड गोणपाट आलं. जिन्यावर अंधार पडायच्या वेळी मी शाळेतून येणार असले, की त्या सहज आल्यासारख्या खाली फाटकापाशी उभ्या असायच्या आणि माझ्या हातातली पिशवी घ्यायच्या. पिशवी घेता घेता माझं मनगटही धरायच्या. मी मैत्रिणींना सांगायचे, अशी सासू मिळायला भाग्य लागतं.

शेवटी शाळेतल्याच एका बाईंनी कानाच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. चक्करवाल्यांना बघतात, म्हणाल्या. मला चक्कर येत नव्हती आणि कान ठणठणीत होते. तरी जायचं ठरवलं. नवऱ्याला रजा नव्हती, सासूबाई म्हणाल्या, मी येते.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बसल्यावर हलतं का?"

मी नाही म्हणताना सासूबाईंकडे बघितलं. त्या पर्सचा पट्टा सारखा करत होत्या.

मग तक्ता. बसून मी शेवटची ओळ वाचली. डॉक्टर मागे उभ्या राहिल्या, माझं डोकं दोन्ही हातांत धरून भराभर डावी-उजवीकडे हलवायला लागल्या. म्हणाल्या, आता वाचा. वरचं मोठं अक्षर तेवढं कळलं. खाली सगळं राखेसारखं पुसट. मग त्या समोर बसल्या, माझ्या नाकाकडे बघा म्हणाल्या आणि अचानक माझी मान एका बाजूला वळवली. मग दुसऱ्या बाजूला. "बघा," त्या म्हणाल्या, "तुमची नजर माझ्या नाकावरून घसरते आणि मग परत येते. दोन्ही बाजूंना. तुमचे डोळे चांगलेच आहेत. डोकं किती हललं हे डोळ्यांना कान सांगतो. ऐकायचा कान नव्हे, त्याच्या आतला तोलाचा भाग. तो सांगतो म्हणून आपण चालताना जग जागच्या जागी राहतं. तुमचा तो भाग दोन्हीकडे बंद पडलेला दिसतोय."

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर आनंद. खरंच सांगते. कुणीतरी माझं म्हणणं खरं मानलं होतं.

"हे सुरू व्हायच्या आधी काही मोठं आजारपण?" त्यांनी विचारलं.

मी उत्साहाने सांगत सुटले. ताप, मूत्रपिंड, इंजेक्शनं.

"कुठली इंजेक्शनं?"

"ते मला नाही आठवत," मी म्हणाले.

"जेंटामायसिन," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस दिलं?"

"डॉक्टरांनी आठवडा सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वॉर्डात मोठ्या डॉक्टरांना माहिती देताना असेल तसा होता, सरळ आणि कोरडा. "ताप पूर्ण गेला नव्हता. डॉक्टर गावाला होते. पुढचे दिवस मी दिलं. माझ्या मनाने. रक्त तपासून घेतलं नाही."

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, की मीच त्यांचा हात धरला होता. ते वाक्य माझ्या अगदी जिभेवर होतं. मी ते बोलले नाही.

खात्री करायला डॉक्टरांनी एक तपासणी केली. मला आडवं केलं आणि कानात गार पाणी सोडलं. त्या म्हणाल्या, चांगल्या माणसाला यानं गरगरतं, खोली फिरायला लागते, घाबरू नका. सासूबाई उठून माझ्याजवळ आल्या आणि मदतनीस बाईंच्या हातातून कानातलं पाणी झेलायचं भांडं त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. माझ्या कानाखाली धरलं. पाणी गार होतं, एवढंच मला कळत होतं. छत जागच्या जागी होतं.

"येतेय का गं चक्कर?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई."

"थोडी तरी?"

"नाही."

दुसऱ्या कानालाही तेच झालं. त्यांनी भांडं खाली ठेवलं तेव्हा त्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या साडीवर सांडलं.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, या इंजेक्शनाने कानातला तोलाचा भाग ठरलेल्या दिवसांतही जाऊ शकतो. कुणाला होईल, कुणाला नाही, हे आधी कळत नाही. आधीच्या दिवसांत झालं की नंतरच्या, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. आणि तो ताप तसाच राहिला असता तरी वाईटच होतं." सासूबाईंनी मान डोलावली. माझ्याकडे वळून डॉक्टर म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही, पण व्यायामाने मेंदू बराचसा शिकतो.

रिक्षात आम्ही दोघी दोन टोकांना बसलो. घरी आल्यावर त्यांनी चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः जमिनीवर बसल्या. एरवी त्या गुडघ्यांमुळे खाली बसत नसत.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"नोकरीच्या सुरुवातीला मी टीबीच्या वॉर्डात होते. तिथली इंजेक्शनं याच जातीची. काही पेशंट भिंत धरून चालायचे. म्हणायचे, सिस्टर, चालताना तो दिवा हलतो. लाइट गेले तेव्हा तू पॅसेजमधून भिंत धरून आलीस ना, तेव्हाच मी ओळखलं."

"मग बोलला का नाहीत? मी किती डॉक्टर हिंडले, आई."

"धीर झाला नाही. रोज म्हणायचे, डोळ्यांचं काहीतरी निघू दे. नंबर निघू दे." त्या थांबल्या. "स्कॅनला गेलीस, तेव्हा मनात आलं, त्यात काहीतरी निघू दे. तुझ्या डोक्यात काहीतरी निघू दे, असं मनात आलं माझ्या. म्हणजे माझ्या हातचं नाही, असं झालं असतं."

मी चहा तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता, आणि तो इंजेक्शनांचा नव्हता. त्या गप्प राहिल्या, त्या काळात मुलीच्या हनुवटीला टाके पडले होते. खरं म्हणजे त्या काळात मीही गप्पच होते. पण राग आलेला असताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी मुलाला स्वतःच सगळं सांगितलं. एकही शब्द लपवला नाही, फक्त एक गोष्ट सोडून. मी हात धरला होता, ते त्या बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, "दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं ना, आई." एवढंच म्हणाला आणि ताटावरून उठला. त्या पानाभोवतीची शितं वेचत राहिल्या. मी समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते.

त्यानंतर बरेच दिवस मायलेकांमध्ये कामापुरतंच बोलणं राहिलं. दारात कुणी इंजेक्शनला आलं, की त्या म्हणायच्या, "आता हात थरथरतो." हात अजिबात थरथरत नव्हता. माझ्या समोर बसून त्या सुईत दोरा ओवायच्या. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला जिन्यात विचारलं, "सिस्टर रागावल्या का आमच्यावर?" मी म्हटलं, वय झालं त्यांचं. त्यांच्या हातातून त्यांचं काम गेलं होतं आणि ते माझ्या कानांपायी गेलं होतं. मला कारण हवं होतं, म्हणून मी एवढे दवाखाने हिंडले होते. कधी कधी वाटायचं, ते सापडलंच नसतं तर बरं झालं असतं.

एका रविवारी नवरा त्यांच्यावर भाजीत मीठ जास्त झालं म्हणून करवादला. मीठ काही फार जास्त नव्हतं. तेव्हा मी बोलले. मी म्हटलं, "त्या दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायला निघाल्या होत्या. मी जाऊ दिलं नाही. हाताला धरून थांबवलं. तुम्हाला बोलायचं असेल तर मला बोला."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मग आईकडे वळून म्हणाला, "तू हे सांगितलं नाहीस."

"ती तापात होती," सासूबाई म्हणाल्या. "तापातल्या माणसाचं ऐकायचं नसतं, हे मला कळायला हवं होतं. तिला कशाला मध्ये घ्यायचं?"

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की मन हलकं होईल. झालं उलटंच. त्यांनी चुकीतला माझा वाटाही स्वतःकडे ओढून घेतला आणि मला परत काही देईनात.

व्यायाम मात्र त्यांनी माझ्याकडून कडक शिस्तीत करून घेतले. सकाळी गच्चीवर नेऊन भिंतीवर खडूने एक अक्षर काढायच्या. त्याच्यावर नजर ठेवून मी मान हलवायची, आधी बसून, मग उभं राहून, मग चालत. मी कंटाळा केला, की म्हणायच्या, "लाड नंतर. आधी मान." गच्चीवर टाकीच्या बाजूने चालताना त्या माझ्या अर्धं पाऊल मागे असायच्या, हात न लावता. हळूहळू पाट्यांचं उसळणं कमी झालं. म्हणजे त्या अजूनही हलतात, पण आता मी त्यांच्या हलण्याला सरावले आहे. शाळेत मी परत शिकवायला लागले, बाकापाशी थांबून. मोपेड विकून टाकली. तिन्हीसांजेला अजूनही कुणाचा तरी हात धरावा लागतो.

सासूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. आमच्यात पुन्हा सगळं सुरळीत झालं. हसणं, भांडणं, लोणच्यात मोहरी किती घालायची यावरून अबोले. पण खणलेल्या फूटपाथवर माझा पाय चुकला आणि कुणाचा तरी खांदा धरावा लागला, की अजून एखाद्या वेळेस त्यांचा राग येतो. मग राग आल्याची लाज वाटते. दोन्ही इतकं पाठोपाठ येतं, की आता त्यात मला काही नवीन वाटत नाही.

त्या गेल्या तेव्हा समाचाराला सगळी सोसायटी येऊन गेली. जुन्या बिऱ्हाडांपैकी एक बाई, आता मुलाकडे दुसरीकडे राहणाऱ्या, माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, "तुम्हाला तर त्यांनी मरणाच्या दारातून आणलं होतं. घरच्या घरी. आठवतंय मला."

नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मुलगीही बघत होती. तिला आम्ही कधी सगळं सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "त्यांनीच आणलं."

ते खोटं नव्हतं. मी त्या बाईंसाठी पाणी आणायला उठले, तेव्हा मुलगी माझ्याबरोबर आत आली आणि म्हणाली, "आई, बाबांनी तुझ्याकडे असं का बघितलं?" मी तिला ओट्यापाशी उभं केलं आणि माठातून पाणी घेता घेता पहिल्यापासून सांगायला लागले.